बिघडलेल्या घाण्याचे पैसे कोणी भरायचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात एक जुना वाद दर वर्षी नव्याने सुरू होतो. घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्वयंपाकाच्या धंद्यात जायचं असतं. मग हॉटेल मॅनेजमेंटला काही लाख मोजून प्रवेश घ्यायचा, की ओळखीच्या केटररकडे, हलवायाकडे, बेकरीत सरळ हाताखाली घालायचं? एक बाजू म्हणते, पदवी नसेल तर जन्मभर झारा हलवत बसशील. दुसरी म्हणते, कॉलेजातून आलेल्या पोरांना साधी बुंदी पाडता येत नाही, हे काम मुळात हातात असावं लागतं. दोन्ही बाजू ठासून बोलतात आणि दोन्ही एकच गोष्ट वगळून बोलतात. शिकताना माल बिघडतो, आणि त्या मालाचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात.

माझं म्हणणं असं की स्वयंपाकाचा धंदा भट्टीशेजारी उभं राहूनच येतो, दुसरीकडे कुठे येत नाही. पण भट्टीशेजारी उभं असलेलं प्रत्येक पोर शिकतच असतं, हे मात्र खोटं. ते शिकाऊ आहे की स्वस्तातला हरकाम्या, हे ओळखायला मला एकच खूण पुरते. त्याच्या हातून बिघडलेल्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी करायला घेतलेल्या मालाचा, खर्च कोण सोसतं, आणि तो का बिघडला हे त्याला कोण सांगतं?

बुंदीचा लाडू घ्या. एक किलो बेसनाला सव्वा ते दीड किलो साखर, साखरेच्या निम्मं पाणी, पाक एकतारी. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच उघडली की एक तार निघते आणि क्षणभर टिकते, तिथे आच काढायची. त्याच्या अलीकडे पाक उतरवला तर बुंदी पचपचीत होते, लाडू बसके होतात आणि चार दिवसांत त्यांना वास येतो. पलीकडे गेला तर साखर बुंदीवर पांढरी बसते आणि वळायला घेतलेला लाडू हातातच भुगा होतो. मोठ्या आचेवर या अलीकडे-पलीकडेत दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं. कोणी म्हणेल, थर्मामीटर आणा, प्रश्न मिटला. आणावाच. पण पुस्तकात छापलेला आकडा बहुधा समुद्रसपाटीचा असतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि पाकाचे सगळे आकडे तेवढेच खाली सरकतात. ‘१०५ अंशांना एकतारी’ असं वाचून पुण्यात १०५ ची वाट पाहणाऱ्याचा पाक पुढे गेलेला असतो. हे सरकणं वर्गात पाच मिनिटांत समजावून देता येतं, आणि जुन्या हलवायाला ते कधी कोणी समजावलेलं नसतं. त्याला गरजही पडली नाही, कारण त्याची बोटं पुण्यातच तयार झाली. मात्र ती तयार होईपर्यंत किती पाक पुढे गेले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

बुंदी पाडण्याचंही तसंच. दाण्याला शेपटी आली तर पीठ घट्ट, दाणा चपटा पडला तर सैल. पीठ बरोबर असूनही शेपटी येत असेल तर मागच्या घाण्यानंतर झारा पुसलेला नाही, भोकांच्या कडेला पीठ वाळलंय. चकलीत मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला लागते. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून लाल आणि आत कच्ची, कोमट असेल तर तेल पिऊन मऊ. अनारसा तुपात पसरून जाळी सुटून तुकडे झाला तर तो ‘हसला’. मराठीतला हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात निदानही आहे. हसला म्हणजे गूळ जास्त किंवा पीठ ओलं, थोडी तांदळाची पिठी मळून पुन्हा बघा. हाताने शिकवण्याचं सगळं शास्त्र अशा बिघाडांच्या नावांत साठवलेलं आहे. चांगला पदार्थ कसा दिसतो हे व्हिडिओतही दिसतं. बिघडलेला पदार्थ किती तऱ्हांनी बिघडतो आणि प्रत्येक तऱ्हेचं मूळ कुठे असतं, हे तो बिघडवल्याशिवाय कळत नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला तर इतका जड आहे की तो टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. ‘हाताखाली शिकतोय’ या नावाने या धंद्याने पिढ्यानपिढ्या पोरं राबवली. हॉटेलातल्या पोऱ्याला, बारक्याला स्वतःचं नावसुद्धा नसायचं. बालकामगार कायदा १९८६ चा, पण हॉटेलं, ढाबे आणि उपाहारगृहं यांतल्या १४ वर्षांखालच्या मुलांपर्यंत त्याची बंदी पोहोचली १० ऑक्टोबर २००६ रोजी. मधली वीस वर्षं कपबशा विसळणारं दहा वर्षांचं मूल ‘धंदा शिकत’ होतं. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे कुलूप डोळ्यांसमोर ठेवून बोलावं.

दुसरा मुद्दा पुण्याला जास्त झोंबणारा. हाताखाली कोणाला घ्यायचं हे उस्ताद ठरवतो, आणि उस्ताद आपल्यातलाच घेतो. भाचा, गाववाला, जातवाला. पेशवाईपासून सोवळ्याच्या स्वयंपाकाची परंपरा सांगणाऱ्या या शहरात २०१७ मध्ये एका स्वयंपाकीण बाईंवर जात लपवल्याची पोलिसांत तक्रार झाली होती. कॉलेजच्या दारात निदान गुणवत्ता यादी आणि आरक्षण असतं, भटारखान्याच्या दारात काय असतं? आणि बायकांचं काय? कार्यालयांच्या मागच्या बाजूला तासाला दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोणी शिकाऊ म्हणत नाही आणि वीस वर्षांनी उस्तादही म्हणत नाही. ती पोळीवालीच राहते. गॅसच्या मोठ्या शेगडीपर्यंत तिला येऊ देत नाहीत.

तिसरा मुद्दा वेळेचा. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने कारागिरीसाठी सात वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली शिकणं, सक्तीची केली होती. १७७६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने तिची चांगलीच हजेरी घेतली. बहुतेक धंदे शिकायला इतका काळ लागतच नाही, ही मुदत उस्तादांची मक्तेदारी राखायला आहे, असं त्याचं म्हणणं. जपानात सुशीबद्दल म्हण आहे, भात शिजवायला तीन वर्षं आणि वळायला आठ. तिथल्या ताकाफुमी होरिए या उद्योजकाने २०१५ मध्ये याला सरळ वेडेपणा ठरवलं. ओसाकात तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमातून आलेल्यांनी चालवलेल्या एका सुशीच्या दुकानाला चांगली उपाहारगृहं निवडणाऱ्या मिशलिनच्या पुस्तिकेत जागाही मिळाली. म्हणजे वर्षांचा बागुलबुवा बराचसा खोटा आहे. पहिली दोन वर्षं लसूण सोलायला लावणारा उस्ताद लसूण शिकवत नसतो, लसणीच्या माणसाची मजुरी वाचवत असतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यात बिनतोड वाटतो. उस्तादाला डोळ्यांना, नाकाला, बोटांना जे कळतं तेवढंच तो शिकवू शकतो. भात शिजला तरी त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. तो भात कोमट अवस्थेत चार-पाच तास पडून राहिला की ते पुन्हा वाढतात आणि तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात एकतर ६० अंशांच्या वर ठेवायचा किंवा पसरट परातीत काढून झपाट्याने थंड करायचा. ‘आमच्याकडे कधी कोणाला काही झालं नाही’ हे याचं उत्तर असू शकत नाही. तळणीच्या तेलातलं टोटल पोलर कंपाऊंड्सचं, म्हणजे तेल तापून तापून त्यात साठणाऱ्या बिघडलेल्या घटकांचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेल काळं पडलं, फेसाळलं, धुरायला लागलं हे कारागिराला दिसतं. पण त्या आधीच मर्यादा ओलांडली गेलेली असू शकते, आणि ते मोजायला मीटर लागतो.

पावाच्या पिठाचं उदाहरण याहून बोलकं आहे. मैद्याचं पीठ मळून झाल्यावर २६-२७ अंशांना असावं, तर खमीर वेळेवर आणि सारखं चढतं. मे महिन्यात बर्फाचं पाणी घालायचं, हे बेकरीतला कोणीही उस्ताद सांगेल. किती थंड, हे गणित सांगतं. २७ ची तिप्पट ८१. त्यातून भटारखान्याचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळणीच्या घर्षणाने वाढणारे अंश वजा करा, उरेल ते पाण्याचं तापमान. पुण्यातल्या मे महिन्यात दुपारी खोली ३६, मैदा ३४ आणि मिक्सरचे ६ धरले तर पाणी ५ अंशांचं हवं. जानेवारीच्या पहाटे खोली १४ आणि मैदा १८ असेल तर तेच पाणी ४३ अंशांचं. उस्तादाकडे हे गणित नसलं की तो दोन्ही ऋतूंत आधी चार-सहा दिवस पाव बिघडवतो आणि मग त्याचा ‘अंदाज बसतो’. ते चार-सहा दिवस कागद-पेन्सिलने वाचतात. याला नाकं मुरडणारे परंपरेचे अभिमानी मला समजत नाहीत.

एवढं सगळं मान्य करून मग मी हातानेच येतं असं का म्हणतो?

कारण वर्गाच्या बाजूचा हिशेब कोणी तपासत नाही. प्रात्यक्षिकाला वीस-पंचवीस मुलं, चारचा गट, प्रत्येक गटाला पाव किलो साखर. एकजण ढवळतो, एकजण चव बघतो, एकजण वही लिहितो, एकजण भांडी आवरतो. पुढच्या आठवड्यात दुसरा पदार्थ. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, हिशेब, विपणन हे सगळं असतं आणि असावंही, कारण ती पदवी हॉटेल चालवायची आहे, कढई चालवायची नव्हे. पण मग त्या चार वर्षांत एका विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, किती वेळा पाक केला? फार तर पाच-सहा वेळा, आणि तेही उत्साही असेल तर. हा दोष शिक्षकांचा नाही. माल फीमधून येतो, म्हणून तो मोजून मिळतो आणि बिघडवायला उरत नाही. कॉलेजही हे ओळखून आहे, म्हणूनच अभ्यासक्रमात औद्योगिक प्रशिक्षणाचं सत्र असतं. त्या सत्रात पंचतारांकित हॉटेलच्या तळघरात मुलं महिनोन्‌महिने कांदे सोलतात. तेव्हा शोषणाचा डाग फक्त पेठेतल्या भटारखान्यालाच आहे, अशा भ्रमात राहू नये. कोपनहेगनच्या नोमा या जगप्रसिद्ध उपाहारगृहात प्रशिक्षणार्थींना पैसे द्यायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये.

दुसरं कारण प्रमाणाचं. धंद्याचा स्वयंपाक म्हणजे घरच्या स्वयंपाकाची पन्नासपट नव्हे, ती वेगळीच वस्तू आहे. चार माणसांच्या मसालेभाताला दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी. दोनशे पानांच्या पंगतीला बारा किलो तांदूळ काढले आणि त्याच हिशेबाने दुप्पट पाणी ओतलं की खाली लगदा आणि वर भात. पातेलं मोठं झालं की आतला ऐवज ज्या पटीने वाढतो त्या पटीने त्याचं तोंड वाढत नाही. वाफ तुलनेने कमी जाते, म्हणून पाणी कमी लागतं. शिवाय एवढा मोठा ऐवज आच बंद केल्यावरही बराच वेळ आतल्या आत शिजत राहतो. म्हणून शितात बारीक कणी असतानाच बर्नर बंद करायचा, झाकण ठेवायचं आणि पंगत बसेपर्यंत हात लावायचा नाही. ज्याने घरी भात केलाय त्याला तो कच्चा वाटतो. त्याची भीती वाढते, तो आणखी पाच मिनिटं ठेवतो आणि वाढप्याच्या हातात खीर येते. तिखट-मीठही पटीने वाढवायचं नसतं. गोडा मसाला हिशेबाने घातला की भात कडवटतो, शेवटचा तिसरा हिस्सा हातात राखून चव बघत घालावा लागतो. तोंडली आधी तेलात परतून अर्धी शिजवून घेतली नाहीत तर एवढ्या उंच थरात ती कच्ची राहतात. ही विद्या कोणत्या प्रयोगशाळेत देणार? बारा किलो तांदळाचं पातेलं प्रात्यक्षिकाला चढवलं, तर तो भात खाणार कोण?

इथे पुन्हा मूळ प्रश्नाशी येऊन थांबतो. भट्टीवर माल आहे, गिऱ्हाईक आहे, पातेलं आहे. म्हणूनच तिथे नवख्याला हात लावू देत नाहीत. मालकाच्या जागी बसून बघा. दोन किलो बेसनाचा घाणा, साखर, तळणीचं तूप, गॅस आणि दोन माणसांचा अर्धा दिवस धरला तर समजा दीड हजार रुपयांचा ऐवज. दुपारी चारला ऑर्डर जायची आहे. त्या वेळी पाकाची कढई तो सोळा वर्षांच्या पोराच्या ताब्यात का देईल? म्हणून तो त्याला झारा पुसायला, खोकी बांधायला, तूप वितळवायला ठेवतो. पोर तीन वर्षं पाक होताना बघतं. बघून तार कळत नाही.

मग बिघाडाचे पैसे कोणाकडून घ्यायचे? स्मिथने याचंही उत्तर दिलं होतं. उमेदवाराला पहिल्या दिवसापासून केलेल्या कामापुरती मजुरी द्या आणि अडाणीपणाने जो माल तो नासवेल त्याची किंमत त्याच्याकडूनच घ्या, म्हणजे तो लक्ष देऊन शिकेल. वाचायला मुद्देसूद वाटतं. पण महिना सात हजार मिळणाऱ्या मुलाची दिवसाची कमाई सव्वादोनशे-अडीचशे रुपये, आणि वरचा एक घाणा दीड हजाराचा. एक पाक पुढे गेला की त्याचा आठवडा गेला. असा मुलगा लक्ष देऊन शिकत नाही, तो कढईपासून लांब राहायला शिकतो. आणि बिघडलं तर लपवायला. धंद्यात लपवलेला बिघाड हा सगळ्यात महाग बिघाड असतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या ताटात उघड होतो.

गंमत म्हणजे याहून शहाणं उत्तर आपल्याकडे फार आधी लिहून ठेवलेलं आहे. नारदस्मृतीत शिल्प शिकणाऱ्या अंतेवासीबद्दल नियम आहेत. नातेवाइकांच्या संमतीने आणि मुदत आधी ठरवून त्याने गुरूकडे राहावं. गुरूने त्याला स्वतःच्या घरी जेवू घालून शिकवावं, मुलासारखं वागवावं, आणि दुसरं काम करून घेऊ नये. त्या मुदतीत त्याच्या कामाचं फळ गुरूचं, आणि शिकून लवकर तयार झाला तरी ठरलेली मुदत त्याने पुरी करायची. हा व्यवहार चोख आहे. सुरुवातीचा तोटा उस्तादाचा, शेवटचा नफाही उस्तादाचा, आणि मधे मुदतीचा खुंटा. ‘दुसरं काम करून घेऊ नये’ हे कलम कोणाला तरी मुद्दाम लिहावंसं वाटलं, यावरून तेव्हाही पोरांकडून पाणी भरून घेत असणार हे उघड आहे. जुन्या ग्रंथात आहे म्हणून ते पवित्र, असं मला म्हणायचं नाही. त्याच ग्रंथांनी कोणाला शिकू द्यायचं नाही हेही ठरवलं होतं. पण उस्तादाची बांधिलकी लेखी असावी, हे ज्याला ‘पाश्चात्त्य खूळ’ वाटतं त्याने एवढं तरी वाचावं.

आजच्या कायद्यात ही बांधिलकी आहे, पण अर्धी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. करार नोंदवावा लागतो, मुदत ठरते, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखीव असतात. म्हणजे ‘आपल्यातलाच’ घेण्याच्या सवयीवर निदान कागदावर उत्तर आहे. २०१६ पासून शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. पण ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेलाच उमेदवार घेणं सक्तीचं आहे, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के. ४ ते २९ माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक. सदाशिव पेठेतला पोळी-भाजी केंद्रवाला, कॅम्पातली बेकरी, रविवार पेठेतला हलवाई, कोथरूडचा केटरर यांच्याकडे कायमची माणसं आठ, दहा, बारा. धंदा खरोखर जिथे शिकता येतो, नेमकं तेच कायद्याच्या सक्तीबाहेर राहिलं आहे. सक्ती आहे तिथे मोठे कारखाने आणि मोठी हॉटेलं. तिथे काम इतकं वाटलेलं असतं की एक माणूस वर्षभर पाकिटं सील करतो. बाकरवडी यंत्रावर व्हायला लागली याचं दुःख मला नाही. यंत्रात जाणारं पीठ किती ओलं असावं हे कोणाला तरी कळावं लागतंच. पण ते कळणारी माणसं तयार होण्याची जागा यंत्राशेजारी नसते. आणि सरकारचे ते १,५०० रुपये विद्यावेतनासाठी आहेत, बिघडलेल्या बेसनासाठी नाहीत. माझ्या मते मदतीचा एक हिस्सा मालाच्या नावाने आणि लहान भटारखान्यांनाच दिला, तर सक्तीपेक्षा जास्त दारं उघडतील.

मालकाला मात्र सरकारची वाट बघायचं कारण नाही. बिघाड स्वस्त करता येतो. साखरेचा पाक हा धंद्यातला सगळ्यात उदार पदार्थ आहे. पुढे गेला तर पाणी घाला, विरघळवा, पुन्हा उकळा. करपून रंग येईपर्यंत तीच अर्धा किलो साखर दहा वेळा एकतारी, दोनतारी, गोळीबंद करता येते. एका दुपारी, गॅसच्या खर्चात. पोळी लाटायला साधी कणीक घ्या, त्याच कणकेच्या पोळ्या दुपारी कामगारांच्या पानात जातात. मुळात कामगारांचं जेवण ही प्रत्येक भटारखान्यातली फुकटची शाळा आहे आणि ती बहुतेकांनी बंद ठेवली आहे. पंधरा माणसांचा भात-आमटी महिनाभर नवख्याला करू द्या. बिघडलं तर गिऱ्हाईक जात नाही आणि माल नासत नाही. आणि जेवणारे सगळे कारागीर असल्यामुळे काय बिघडलं हे एका घासात, मोजक्या आणि अपमानकारक शब्दांत सांगितलं जातं. मग एक वही ठेवा. तारीख, पदार्थ, काय बिघडलं, का बिघडलं, कोणी सांगितलं. वर्षाच्या शेवटी ज्या पोराच्या वहीत चाळीस बिघाड आहेत ते शिकलं, आणि ज्याची वही कोरी आहे त्याला कोणी हात लावू दिला नाही. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने हीच वही मागावी.

राहिला डोळ्यांना न दिसणारा भाग, म्हणजे जिवाणू, तेलाचे मीटर, पावाच्या पाण्याचं गणित. तो वर्गातच शिकवायला हवा, पण त्याला चार वर्षं लागत नाहीत. जर्मनीत आचाऱ्याची उमेदवारी तीन वर्षांची असते आणि आठवड्यातले एक-दोन दिवस तो शाळेत बसतो. आपल्याला जर्मनीही नको. मुंबईच्या उडुपी हॉटेलांतली पोरं दिवसा इडल्या उतरवून रात्री कानडी रात्रशाळेत जात होती, आणि पुण्यातल्या रात्रशाळांनीही दिवसभर राबलेल्यांना मॅट्रिकपर्यंत नेलं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच बाकांवर अन्नसुरक्षा, वजन-मापं आणि पदार्थाची किंमत काढणं शिकवायला काय हरकत आहे?

आणि वेळ साधायला हवी. देवशयनी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. आषाढात केटररच्या निम्म्या भट्ट्या थंड असतात, उस्तादाला बोलायला सवड असते आणि पाक दहा वेळा विरघळवायला कढईही मोकळी असते. आषाढात आलेल्या पोराच्या हाती सुरी, पाक आणि कामगारांचं जेवण द्यावं. श्रावणात पुरण आलं की त्यात उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं, हे त्याला हाताच्या ओढीवरून कळायला लागेल. भाद्रपदात मोदकांची उकड असते. पिठीला तेवढंच पाणी, झाकण, वाफ आणि गरम असतानाच मळणं. थंड झाली की पारी चिरते, हे तीन दिवसांत पन्नास मोदक फोडून समजतं. आश्विनात ते बुंदीच्या कढईशी उभं राहू शकतं. आज बहुतेक ठिकाणी पोर कामाला घेतात ते दिवाळीच्या आठ दिवस आधी, खोकी बांधायला.